अकरा तारा असताना 'तारा नाही' म्हणून अपात्र ठरवलेल्या चित्राबाबत

प्रति,
मा. परीक्षण अधिकारी साहेब,
नाताळ शुभेच्छा-कार्ड चित्र स्पर्धा (गट : तिसरी ते पाचवी),
उजेडवाट बालसेवा मंडळ, यवतमाळ.

अर्जदार : सौ. विमल पुंडलिकराव गोहोकार, वय ६८, धंदा शेती, रा. वडतुकुम, ता. केळापूर, जि. यवतमाळ.

विषय : कु. निकिता रजत गोहोकार, इयत्ता चौथी, हिच्या चित्रावर मारलेला 'तारा नाही' हा शेरा दुरुस्त करून मिळण्याबाबत, व त्या शेऱ्यामुळं अर्जदाराच्या घरात झालेल्या नुकसानीबाबत.

संदर्भ : चित्राच्या पाठीमागचा आपला लाल पेनातला शेरा, दि. ५ डिसेंबर २०२५, एकूण शब्द तीन.

महोदय,

१. अर्जदार ही वडतुकुम ग्रामपंचायतीत पाच वर्षं सदस्य होती. तेव्हाच्या सचिवांनी तिला शिकवलं, की कागदावर 'मी' लिहिलं की माणूस भांडायला आला असं वाटते आणि 'अर्जदार' लिहिलं की कायद्यानं आला असं वाटते. म्हणून या अर्जात जी बाई वारंवार येईल ती अर्जदारच समजावी. आपली संस्था सरकारी नाही, धर्मादाय आहे, हे अर्जदारास ठाऊक आहे. पण पाकिटावर आपला शिक्का गोल आहे. गोल शिक्क्यापुढं बोलून भागत नाही, अर्जच करावा लागतो.

२. दि. १० नोव्हेंबर रोजी गावच्या शाळेत चौथीच्या बाई नाहिद मॅडम यांनी आपल्या स्पर्धेची सूचना फळ्यावर लिहून दिली. निकिता, म्हणजे अर्जदाराची नात, हिनं ती वहीत उतरवून घरी आणली. ती अशी : 'नाताळसाठी शुभेच्छा-कार्डाचं चित्र काढा. बाळ येशूचा जन्म गोठ्यात झाला. तारा पाहत पाहत तीन शहाणी माणसं दुरून आली. चित्रात तारा आवश्यक. निवडलेलं कार्ड छापून विकलं जाईल व त्यातून आजारी मुलांना औषधपाणी मिळेल.' अर्जदारानं ही सूचना तीनदा वाचली. तिच्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. जी काही गडबड झाली ती बरोबर लिहिल्यामुळं झाली.

३. आपण यवतमाळसारख्या शहरात राहता, म्हणून खुलासा करणं भाग आहे. वडतुकुमात आभाळात जी असते तिला चांदणी म्हणतात. मोठी असली तरी चांदणी, लहान असली तरी चांदणी, पडली तरी चांदणीच. आणि तारा म्हणजे एका खांबावरून दुसऱ्या खांबावर ओढलेल्या असतात त्या. त्यांच्यावर कोतवाल पक्षी बसतो, पतंग अडकतो, आणि त्या तुटल्या की गावाचं दळण थांबते. दुरून आलेल्या माणसानं वडतुकुमाचा रस्ता विचारला, तर डांबरी सडकेवरचा चहावालासुद्धा हेच सांगते की तारा धरून सरळ जा, चुकणार नाही.

आता आपणच न्यायानं पाहावं. तीन शहाणी माणसं तारा पाहत पाहत आली, असं आपण लिहिता. चांदणी तर माणसासोबत चालते. अर्जदार लहानपणी बैलगाडीतून माहेराहून मामाकडं जायची तेव्हा एक चांदणी जाताना सोबत यायची आणि परत येतानाही सोबतच यायची. तिच्या मागं जो निघेल तो चालतच राहील, त्याले पोचायचं कधी? तार मात्र जागची हलत नाही आणि शेवटी कोणाच्यातरी घरात जातेच. ज्यांना शहाणं म्हटलं आहे ती माणसं चांदणीच्या मागं लागली असतील, हे अर्जदाराला पटत नाही.

४. निकिताचे वडील रजत हे वायरमन आहेत. दिवाळीपासून ते झरी जामणीकडं जंगलातल्या वस्त्यांवर नवी लाइन टाकायच्या कामावर आहेत. पंधरा दिवसांतून एकदा घरी येतात, एक दिवस झोपतात आणि दुसऱ्या दिवशी जातात. निकितानं सूचना वाचून दाखवली ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून. अर्जदार तुरीच्या शेंगा सोलत होती. 'चित्रात तारा आवश्यक' इथं पोरगी थांबली आणि तिनं विचारलं, "आजी, तारा म्हंजे बाबा ओढते त्याच नं?"

अर्जदार 'हो' म्हणाली.

मग निकितानं विचारलं की नाताळात तारा कायले लागतात. यावर अर्जदारानं जे सांगितलं ते प्रकरणाच्या मुळाशी असल्यामुळं खाली जसंच्या तसं नोंदवलं आहे.

५. बाळाची आई परगावी निघाली होती. तिचे दिवस भरले होते. गावात कोणाकडं जागा नव्हती, तेव्हा एका भल्या माणसानं आपला कोठा झाडून दिला. कोठ्यात काळोख असा, की गाईला स्वतःचं शेपूट सापडत नव्हतं आणि ती दुसऱ्या गाईचं हलवत होती. बाळाचा बाप सुतार. त्याला लाकडातलं सगळं समजे, करंटातलं काही समजत नव्हतं. गावात खांब तीन वर्षांपासून उभे होते, तारा आल्या नव्हत्या. तेव्हा देवानं एका वायरमनला बोलावणं धाडलं. वायरमन म्हणाला, वरून मंजुरी नाही. देव म्हणाला, मी वरूनच बोलून राह्यलो. मग वायरमननं शिडी लावली, एका दुपारात तारा ओढल्या, बटन दाबलं, लाइन आली, आणि त्या उजेडात बाळ आलं. डोळे उघडल्यावर त्यानं पहिल्यांदा गाय पाहिली. बल्ब निळा होता, म्हणून गाय निळी दिसली.

तिकडं दूर शहरात तीन शहाणी माणसं राहत होती. त्यांनी पाहिलं, की ज्या दिशेला कधीच तारा नव्हत्या तिकडं तारा चालल्या आहेत. म्हणजे तिकडं कोणीतरी मोठं माणूस आलं असलं पाहिजे, नाहीतर एवढ्या लवकर कनेक्शन भेटत नाही. ते उंटावर बसले आणि तारा पाहत पाहत निघाले. वाटेत त्यांनी अकराशे चाळीस खांब मोजले. एकानं तूप आणलं, एकानं कापसाची दुलई आणली, आणि तिघांत जो सगळ्यांत शहाणा होता त्यानं एक जास्तीचा बल्ब आणला.

निकितानं शेवटी एकच विचारलं, त्या वायरमनचं नाव काय होतं. अर्जदार म्हणाली, "कोणं लिहून ठेवलं नाई. वायरमनचं नाव कोणी लिहीत नाई."

पोरगी उठली आणि रंगाची डबी घेऊन आली. पुढचे चार दिवस ती जेवायला बोलावल्याशिवाय आली नाही.

६. चित्र सोबत जोडलं आहे. तरी आपल्याकडं पुष्कळ चित्रं येतात, म्हणून थोडक्यात वर्णन. डाव्या हाताला कोठा. आत गव्हाणीत कुटारावर बाळ, डोक्याला टोपरं. निळी गाय. उंट तीन, त्यांतला एक बैलासारखा दिसतो, कारण निकितानं उंट जवळून पाहिलेला नाही. मधोमध खांबावर वायरमन, पिवळी टोपी घातलेला, चेहरा आपल्याकडं. तो हसतो आहे. चेहरा रजतचा आहे हे गावातलं लहान पोरगंही सांगेल.

आता तारा. खांबावरच्या पाच. खांबावरून कोठ्यात गेलेली एक. कोठ्याबाहेर बाळाचे लंगोट वाळत घातलेली एक. वावराच्या कुंपणाच्या चार. एकूण अकरा. अर्जदारानं हाताचं बोट ठेवून मोजल्या आणि तिचे मालक पुंडलिकराव यांच्याकडून परत मोजवून घेतल्या. ते तिच्या कोणत्याही बोलण्याला सहसा दुजोरा देत नाहीत. त्यांनीही अकराच सांगितल्या.

७. दि. ८ डिसेंबर रोजी पाकीट शाळेत आलं. चित्राच्या पाठीमागं लाल पेनानं लिहिलं होतं : 'अपात्र. तारा नाही.'

निकितानं ते घरी आणलं आणि अर्जदाराच्या मांडीवर ठेवलं. मग तिनं एकेका तारेवर बोट ठेवून अकरापर्यंत मोजलं आणि वर पाहिलं. अर्जदार तिला म्हणाली की साहेबाचा चश्मा फुटला असेल. तिनं मान हलवली. संध्याकाळी फोनवर तिनं वडिलांना विचारलं, "बाबा, तुम्ही लावता त्या तारा आहे म्हंतेत का नाई म्हंतेत?" रजतला काही समजलं नाही. तो म्हणाला, लावल्या तं आहेतच नं बेटा, नाई तं लाइन कशी येईन. निकिता म्हणाली, तं मंग साहेब नाई काहून म्हंते. तिकडं रेंज गेली.

इथपर्यंत अर्जदाराची बाजू सरळ आहे. आपला हा अर्ज तिनं मनात इथंच लिहून संपवला होता. पुढचे परिच्छेद तिला लिहावे लागत आहेत, कारण त्यानंतर जे झालं त्यात आपला दोष थोडा कमी आहे.

८. रविवारी, दि. १४ रोजी, नाहिद मॅडम पांढरकवड्याहून मुद्दाम घरी आल्या. सोबत त्यांनी शेवयांचा डबा आणला होता. अर्जदारानं त्यांना बाजेवर बसवलं, चहा ठेवला. मॅडम बिचाऱ्या ओशाळल्या होत्या. त्या म्हणाल्या, "विमलताई, गलती माझीच हाय. तारा म्हंजे सितारा. आसमानातला. आमच्या घरात तेच म्हणतो, मले वाटलं सगळेच म्हणत असतीन. लेकराईले समजावून सांगायले पायजे होतं."

निकिता दाराला टेकून उभी होती. तिनं विचारलं, "म्हंजे चांदणी?"

"हो बेटा. चांदणी. ती दिसली अन् ते लोक तिच्या मागं आले."

निकितानं अर्जदाराकडं पाहिलं. नऊ वर्षांचं लेकरू असं पाहते तेव्हा तहसीलदारासमोर उभं राहिल्यासारखं वाटते.

"आजी, तुले माहीत होतं?"

अर्जदारानं चहा गाळायला घेतला. मॅडमच्या लक्षात आलं की आपण कशाततरी मधे सापडलो. त्या शेवयांबद्दल बोलू लागल्या.

"माहीत होतं तं मंग सांगितलं काहून तसं?"

"तू विचारलं म्हून," अर्जदार म्हणाली.

इथं कागदावर कबूल करणं भाग आहे, की परिच्छेद ३ मध्ये लिहिलेलं गावाच्या बाबतीत पूर्ण खरं आणि अर्जदाराच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. तारा म्हणजे चांदणीसुद्धा होते, हे अर्जदाराला माहीत होतं. घरात रेडिओ होता आणि त्यावर हिंदी गाणी लागत. पण पोरीनं 'बाबा ओढते त्याच नं' असं विचारलं तेव्हा तिचं तोंड असं उजळलं होतं, की 'नाही बाई, तुझ्या बाबाचा यात काही संबंध नाही' हे वाक्य अर्जदाराच्या घशातून वर आलं नाही. खाली गेलं. त्यानंतरची गोष्ट आपोआप तयार झाली. अर्जदाराच्या गोष्टी अशाच होतात. त्यात तिचा कट नसते.

९. आता नुकसानीचा तपशील. अर्जदाराची कोणतीही गोष्ट आजवर कोणी पडताळून पाहिली नव्हती. निकिता रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की येऊन बसायची आणि म्हणायची, सांग. त्या रविवारपासून ती आली नाही. सोमवारी तिनं एक शंभरपानी वही घेतली, मधोमध पट्टीनं रेघ मारली, डाव्या बाजूला 'खऱ्या' आणि उजव्या बाजूला 'खोट्या' लिहिलं, आणि अर्जदाराच्या आजवरच्या गोष्टींची तपासणी सुरू केली. तपासणी कशी चालते याचे दोन दाखले देते.

अर्जदारानं पूर्वी सांगितलं होतं, की पुंडलिकरावांच्या एका बैलाला एसटीची पाटी वाचता येत होती आणि तो पांढरकवडा सोडून दुसऱ्या कोणत्याही गाडीला वाट देत नसे. निकितानं आजोबांना वावरात गाठलं. ते कापूस वेचायला आलेल्या बायांना पाणी देत होते. त्यांनी हंडा खाली ठेवला, विचार केला आणि म्हणाले, "बैलाले कायचं वाचता येते वं? चश्म्याबिगर मलेच येत नाई." गोष्ट 'खोट्या'त गेली. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस अर्जदाराला इतका महागात पडला नव्हता.

दुसरा दाखला. हायवेवर निजामुद्दीनभाईचं टायर पंक्चरचं दुकान आहे. अर्जदारानं सांगितलं होतं, की ते थंडीतली हवा ट्रकच्या ट्यूबात भरून ठेवतात आणि मे महिन्यात घरात सोडतात, म्हणून त्यांच्या घरी कूलर नाही. निकिता शाळेतून येताना वही घेऊन त्यांच्या दुकानात गेली. भाईनं वही पाहिली, दोन रकाने पाहिले, पोरीचं तोंड पाहिलं. ते भले माणूस आहेत. म्हणाले, "बेटी, हवा तो भरी थी. थंडी होती का गरम, ते आता याद नाही." निकितानं मधल्या रेघेवरच लिहून ठेवलं.

दि. १७ च्या दुपारअखेर वहीची स्थिती अशी : खोट्या चौदा, रेघेवर एक, खऱ्या एकही नाही. पिठाच्या गिरणीवर नंबर लावून बसलेला वाघ गेला. ज्या उन्हाळ्यात गावाच्या सावल्या वाळून उडाल्या आणि लोकांना शेजाऱ्याच्या सावलीत चालावं लागलं, तो उन्हाळा गेला. ज्या भोपळ्यात वासरू रस्ता चुकलं, तो भोपळाही गेला. या मालाबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तो तिनंच तयार केला होता, ती आणखी करू शकते.

१०. तक्रार पुढच्या एका गोष्टीची आहे. ती वहीत 'खोट्या'खाली पंधराव्या नंबरावर गेली असून खोट्यांची संख्या आता पंधरा आहे.

बुधवारी संध्याकाळी अर्जदार स्वतः उठून निकिताजवळ गेली. अर्जदाराचं वय पाहता हे लहान काम नाही. तिनं सांगितलं, पोरी, एक गोष्ट खरी आहे, ती लिही.

दि. १७ एप्रिल २०१६. रविवार. दुपारी चारचा सुमार. निकिताची आई गावच्या उपकेंद्रात बाळंतपणाला होती. अवकाळी वादळ आलं, गारा पडल्या, आभाळ असं दाटलं की भर दुपारी कंदील लावावा. त्यातच तार तुटली आणि लाइन गेली. खिडक्या आपटत होत्या म्हणून लावून घेतल्या, तर आत हाताला हात दिसेना. सिस्टर सुखीबाई राठोड एकट्या होत्या. अर्जदारानं त्यांचा मोबाइल हातात धरला, त्याचा उजेड बाळाच्या वाटेवर पाडला, आणि त्याची बॅटरी संपली. सुखीबाई म्हणाल्या, "विमलमाय, मले काही दिसून नाई राह्यलं." एवढंच म्हणाल्या. निकिताची आई ओरडायची थांबली होती आणि ते चांगलं लक्षण नव्हतं.

मग लाइन आली. छतावरचा एकच बल्ब होता, त्यावर वर्षभराची धूळ होती, तरी डोळे दिपले. सुखीबाईंनी पाहिलं की नाळ मानेला गुंडाळली आहे. त्यांनी ती सोडवली. निकिता रडली. अर्जदारानं भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

रजत त्या वेळी अर्ध्या कोसावर खांबावर होता. आपली बायको तिकडं आहे हे त्याला माहीत नव्हतं. तो सकाळीच कामावर निघाला होता आणि कळा दुपारी सुरू झाल्या. तार तुटली म्हणून त्यानं ती जोडली. त्याचं कामच ते होतं. जोडून तो पुढच्या बिघाडावर गेला. पोरगी झाल्याचं त्याला दिवेलागणीला समजलं.

निकितानं हे सगळं नीट ऐकून घेतलं. पेन्सिल वहीवर टेकवलेली होती. संपल्यावर ती म्हणाली, "आजी, हे तं त्या बाळाचीच गोष्ट आहे. तू ते मले लावून राह्यली." आणि तिनं उजव्या रकान्यात लिहिलं.

११. महोदय, घडलं आहे उलटं. अर्जदारानं त्या बाळाची गोष्ट निकिताला लावली नाही. तिनं निकिताची गोष्ट त्या बाळाला दिली. उंबऱ्यावर तुरीच्या शेंगा सोलताना, काळोखात अडलेली बाई, खांब आणि तारा हे शब्द एकत्र आले आणि अर्जदाराच्या तोंडून जे निघालं ते तिनं डोळ्यानं पाहिलेलं होतं. गाय, उंट आणि देवाची मंजुरी तेवढी वरून घातली.

पण हे शाबीत कसं करावं? अर्जदारानं रजतला फोन केला. तो म्हणाला, "आई, मी खांबावर होतो. आत काय झालं मले काय माहीत? त्या दिवशी पाच-सहा ठिकाणच्या तारा जोडल्या." पुंडलिकराव त्या दिवशी बाभुळगावला लग्नाला गेले होते आणि वादळामुळं तिथंच राहिले. निकिताची आई म्हणते, मले काहीच आठवत नाई, फक्त उजेड झाला ते आठवते. निकिताचं म्हणणं असं की तिनं ते आजीकडून ऐकून ऐकून पाठ केलं असेल. सुखीबाई राठोड दोन वर्षांमागं वारल्या. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर तारीख आहे, बल्बाची नोंद नाही. म्हणजे साक्षीदार एकच उरते, आणि तिचा स्वभाव आपणास वरील परिच्छेदांवरून कळलाच असेल.

अर्जदार आता अडुसष्ट वर्षांची आहे. चौदा गोष्टी गेल्या तरी ती झोपते. पण ही पंधरावी खोट्यात राहिली आणि अर्जदार गेली, तर त्या लेकराला कधीच समजणार नाही, की तिच्या बापानं ओढलेल्या तारेतून तिचा जीव आला. बापाला तर आजही समजलेलं नाही. तो सांगितलं की हसते.

१२. तरी मागणी अशी.

बक्षीस नको. कार्ड छापू नये. ज्या लेकरांनी चांदणी काढली त्यांचीच कार्डं छापावीत, विकावीत, आजारी लेकरांचं भलं व्हावं. अपात्र हा शब्दही राहू द्यावा. नियम तो नियम. फक्त 'तारा नाही' याच्या खाली दोन बोटं जागा आहे, तिथं आपण 'अकरा तारा आहेत, मोजल्या' एवढं लिहून सही करावी.

इतक्यानं काय होईल, असं आपण विचाराल. निकिताचा सध्या घरातल्या कोणत्याही माणसावर भरवसा नाही. वहीत ती फक्त लेखी पुरावा घेते. साहेबाचं लिहिलेलं चुकू शकते आणि साहेब ते दुरुस्त करू शकते, असं तिनं एकदा पाहिलं, तर स्वतः वहीत लिहिलेलंही चुकू शकते, हे तिच्या डोक्यात येईल. पुढं पंधराव्या नंबरापर्यंत जायचं काम तिचं तिनं करावं. अर्जदार तिला हात लावणार नाही.

आपण म्हणाल, की न पाहिलेल्या गोष्टीवर शेरा कसा द्यावा. चित्र आपल्यासमोर आहे, तारा मोजता येतात. आणि त्या उपकेंद्रात आपण नव्हता हे खरं. पण त्या गोठ्यातही आपण नव्हता, तरी तिथं तारा नव्हत्या असं आपण खात्रीनं लिहिलंच आहे.

या अर्जाची खबर निकिताला नाही. उत्तर थेट तिच्या नावानं, शाळेच्या पत्त्यावर पाठवावं. अर्जदाराच्या नावानं आलेलं पाकीट तिनंच लिहून टाकलं असा संशय घेतला जाईल, आणि तो चुकीचा आहे असं अर्जदाराला स्वतःलाही म्हणवत नाही.

आपली नम्र, आणि परिच्छेद १० व ११ पुरती संपूर्ण खरी,

सौ. विमल पुंडलिकराव गोहोकार
वडतुकुम, दि. १९ डिसेंबर २०२५

सोबत :
१. मूळ चित्र, पाठीमागच्या शेऱ्यासह. चित्रावरची घडी निकिताच्या दप्तरात पडली, ती आधी नव्हती.
२. वहीतल्या सूचनेची नक्कल, अर्जदाराच्या हातची. खाडाखोड नाही.
३. जन्मदाखल्याची झेरॉक्स.
४. तिकीट लावलेलं रिकामं पाकीट, वर कु. निकिताचं नाव. हे नाव नाहिद मॅडमकडून लिहून घेतलं आहे, कारण अर्जदाराचं अक्षर निकिता ओळखते. शेरा कृपया लाल पेनानंच लिहावा. निळा पेन अर्जदाराच्या घरात आहे, हे पोरीला माहीत आहे.